सेनापतीचा मुखवटा आणि दोन साडू

दोन सख्ख्या बहिणींच्या नवऱ्यांनी एकमेकांशी काय बोलावं, हे आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. भावाभावांना भांडायला घर असतं, नणंदा-भावजयांना विषयांचा कधी तुटवडा पडत नाही. साडूंमध्ये मात्र सासरा सोडला तर सामाईक असं काही नसतं, आणि सासऱ्याबद्दल त्याच्याच घरात बसून बोलायची सोय नसते.

या गोष्टीतल्या थोरल्या जावयांचं चष्म्याचं दुकान होतं आणि धाकटे जावई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होते. लग्नं झाल्यावरची पहिली काही वर्षं दर रविवारी सासरी जेवणं उरकली की दोघांना बाल्कनीत बसवलं जायचं. तिथे थोरले विचारायचे, "काय म्हणताहेत लिफ्ट?" धाकटे म्हणायचे, "वर-खाली चाललंय." मग धाकटे विचारायचे, "दुकान कसंय?" थोरले म्हणायचे, "लोकांना दिसत नाही तोवर बरंय." एवढं झालं की दोघं समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसायचे.

मग एका रविवारी आत टीव्हीवर 'अंधारकक्षा'चा तिसरा भाग लागला. लोखंडी मुखवटा घातलेला सेनापती यानाच्या काचेपाशी उभा राहतो, खालच्या ग्रहाकडे बघतो आणि म्हणतो, "आजपासून ही हवा माझी." ते वाक्य टीव्हीवर यायच्या आधीच बाल्कनीतून दोन घोगऱ्या आवाजांत एकदम आलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसं त्यांचं झालं, आणि त्या दिवसापासून बाल्कनी त्यांच्या नावावर लागली.

'अंधारकक्षा'चे सिनेमे पाच. हा सेनापती ग्रहाग्रहांवरची हवा शोषून नेतो आणि मग तिथल्या लोकांना श्वासाच्या हिशेबाने परत विकतो. पाचही भागांत त्याचा मुखवटा एकदाही निघत नाही. तो का निघत नाही, या प्रश्नावर दोन्ही जावयांनी उमेदीची वर्षं खर्ची घातली होती. थोरल्यांचं म्हणणं, मुखवट्याच्या आत चेहराच नाही. धाकट्यांचं म्हणणं, आत नायकाचाच चेहरा आहे. या वादाला तोड नव्हती आणि दोघांना ती नकोही होती. सासरे ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "मुखवट्यातून कोण बाहेर येतं ते सावकाश ठरवा, पण बाल्कनीतून कोणीतरी या. मला दोरी हवीय."

अशात बातमी आली की सेनापतीच्या लहानपणावर सिनेमा येतोय. नाव, 'अंधारकक्षा: पहिला श्वास'. थोरल्यांनी जेवताना हे जाहीर केलं, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे सहावा भाग?"

"नाही, पहिल्याच्या आधीचा. प्रीक्वेल म्हणतात त्याला."

"म्हणजे आधीची गोष्ट नंतर सांगायची?"

"हो."

"मग आधीच का नाही सांगितली?"

"तेव्हा त्यांना सुचली नव्हती," धाकटे म्हणाले.

"मग आता तरी कशाला सुचली," असं म्हणून सासूबाईंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली. या सिनेमावर पुढे लोकांनी रकानेच्या रकाने लिहिले, पण याहून नेमकं कुणालाही काही लिहिता आलं नाही.

पहिल्याच रविवारी सकाळच्या खेळाला अख्खं घर गेलं. तिकिटं धाकट्यांनी काढली होती. दोन्ही साडू मधोमध शेजारी बसले, त्यांच्या दोन बाजूंना दोन बहिणी, आणि टोकाला सासू-सासरे आणि थोरल्यांची मुलगी. मागच्या रांगेत कॉलेजातल्या मुलांचं एक टोळकं होतं, सगळ्यांनी पुठ्ठ्याचे सेनापतीचे मुखवटे घातलेले. दिवे गेले, शिट्ट्या झाल्या, आणि पडद्यावर एक हिरवागार चंद्र आला. त्यावर एक कुरळ्या केसांचा, गोबऱ्या गालांचा मुलगा फुलांशी बोलत होता.

हाच सेनापती. त्याची आई बागकाम करून पोट भरणारी बाई. मुलाला फुलांच्या परागकणांनी धाप लागते, शिंकांवर शिंका येतात, रात्ररात्र झोप लागत नाही. तेव्हा ती माऊली झाडांना पाणी घालायच्या झारीचा पत्रा कापते, ठोकते, आणि लेकासाठी मुखवटा बनवते. झालं. ज्या मुखवट्यापुढे अकरा ग्रह चळाचळा कापले, तो झारीचा निघाला.

मागच्या रांगेतले पुठ्ठ्याचे मुखवटे एकेक करून खाली उतरले. कुठेतरी एक बाई हुंदके द्यायला लागली. पुढचा एक गृहस्थ उठून गेला, तो पॉपकॉर्न घेऊन परत आला, म्हणजे त्याचा निषेध नव्हता. थोरले मात्र खदखदत होते. ते धाकट्यांच्या कानाशी लागून सारखे कुजबुजत होते, "बघा, बघा काय केलंय. झारी म्हणे." धाकटे काही बोलत नव्हते. त्यांनाही धक्का बसलाय, असं थोरल्यांनी धरलं. शेवटी जोरात टाळ्या पडल्या. त्या सिनेमाला होत्या की तो संपल्याला, हे कळायला मार्ग नव्हता.

जिना उतरताना प्रत्येकाचं काहीतरी म्हणणं होतं. पन्नाशीचा एक टकलू माणूस बायकोला सांगत होता की या लोकांनी आपलं बालपण नासवलं. बायको म्हणाली, "गाडी कुठे लावलीय ते आठवा." थोरल्यांच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "ठीक होता," आणि तिने परत मोबाइलमध्ये डोकं घातलं. सासऱ्यांनी काळजीने विचारलं, "हा मुलगा पुढे सुधारतो का हो?"

"पुढे तो अकरा ग्रह मारतो," थोरले म्हणाले.

"अरेरे. आई किती चांगली होती."

घरी पोचेपर्यंत थोरल्यांनी कळ काढली. पानं वाढली गेली आणि ते सुटले. "परागकणांची ॲलर्जी. अख्ख्या आकाशगंगेला ज्याने गुडघ्यावर आणलं, तो माणूस शिंका येतात म्हणून मुखवटा घालतो. उद्या सांगतील, यान चालवायचा कारण पायी चालून टाचा दुखायच्या. काय हो?"

हा "काय हो" साडूंसाठी होता. इतकी वर्षं अशा "काय हो"ला बाल्कनीतून हक्काचा "तर काय" मिळत आला होता. धाकट्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मला आवडला."

सासूबाईंच्या हातातली पळी वाटेत थांबली.

"काय आवडलं?" थोरल्यांनी विचारलं.

"एकंदरच. शांत होता. निवांत होता."

"युद्धाचा सिनेमा निवांत होता?"

"मनाला बरं वाटलं."

"अहो, तुम्ही पंधरा वर्षं म्हणताय की आत नायकाचा चेहरा आहे. आत निघाला शेंबडा पोरगा. आणि तुमच्या मनाला बरं वाटलं?"

"तुमचं कसं आहे," धाकटे म्हणाले, "तुम्ही सिनेमा बघायला जात नाही, तपासायला जाता. हनुवटी इथे टेकवा, सरळ बघा, आता खालच्या ओळीतल्या चुका वाचा."

"आणि तुमचं काय? एकदा दार लागलं की तुम्हाला कुठल्याही मजल्यावर नेऊन सोडा, तुम्ही खूश."

"निदान अडकलेली माणसं मी बाहेर तरी काढतो. तुम्ही त्या मुखवट्यात अडकून पडलात, तुम्हाला कोण काढणार?"

थोरले ताटावरून उठले. हात धुऊन बाल्कनीत जाणार होते, पण बाल्कनी तर दोघांची. म्हणून ते थेट चपला घालून घरी निघाले, आणि त्यांच्या बायकोला अर्ध्या जेवणावरून उठावं लागलं. जाताना तिने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने खांदे उडवले.

त्यानंतर दोन्ही जावयांनी रविवारचं सासरी जाणं बंद केलं. आधी तो येणार का, आधी हा येणार का, असं करत कुणीच गेलं नाही. बहिणी आपापल्या जात राहिल्या.

थोरल्यांनी आपलं दुःख दुकानात काढायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांवर चाचणीची जड फ्रेम चढवायची, आणि काच बदलता बदलता विचारायचं, "हे बरं की ते? आणि तो नवीन सिनेमा पाहिलात का?" डोळ्यांवर काचा चढवलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. कुणी म्हणे छान, कुणी म्हणे मुलांना आवडला, कुणी म्हणे आम्ही मागचे पाच पाहिले नाहीत त्यामुळे हा समजला. एका बँकवाल्याने तो फारच हृदयस्पर्शी असल्याचं सांगितलं. त्याचा नंबर बराच वाढलेला निघाला, आणि थोरल्यांना त्या दिवशी जरा समाधान वाटलं.

संध्याकाळी मोबाइलवर 'अंधारकक्षा'च्या चाहत्यांचा ग्रुप होता. तिथे तर उभी फूट पडली होती. एका बाजूला ज्यांना वाटायचं की हा सिनेमा काढणाऱ्यांना सेनापतीच्या ताब्यात द्यावं. दुसऱ्या बाजूला ज्यांना तो इतका आवडला होता की त्यांनी आधीचे पाच वाईट ठरवले. मधे एक जण रोज विचारायचा, "याच्यात नायक कुठला?" आणि त्याला कुणी उत्तर देत नसे. थोरल्यांनी तिथे लांबलचक लेख चढवला. त्याखाली 'हवाखाऊ' असं टोपणनाव घेतलेल्या एकाने विचारलं, "सिनेमा किती वेळा पाहिलात?"

"एकदा. तेवढा पुरला," थोरल्यांनी उत्तर दिलं.

"आम्ही तीनदा पाहिला. काठावर बसून पाण्याची खोली सांगू नका, काका."

टीका ते सोसू शकले असते, पण त्या 'काका'ने घोळ केला. पुढच्या बुधवारी दुपारी दुकान मदतनिसावर सोडून, बायकोला काचांच्या व्यापाऱ्याकडे जातोय असं सांगून, थोरले पुन्हा सिनेमाला गेले. एकेक चूक हेरायची आणि त्या हवाखाऊचं तोंड कायमचं बंद करायचं, असा बेत होता.

सिनेमा एव्हाना तळमजल्यावरच्या छोट्या पडद्यावर ढकलला गेला होता. आत मोजकी डोकी. एक जोडपं कोपऱ्यात होतं, त्यांना पडद्याशी काही देणंघेणं नव्हतं. थोरले मधल्या रांगेत बसले आणि बोटांवर चुका मोजायला लागले. चंद्रावर वारा कसा, ही एक. दोन सूर्य असताना सावली एक, ही दोन. मुलाची कुरळी बट प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूला, ही तीन.

मग तो मुखवट्याचा प्रसंग आला. पहिल्या वेळी थोरले झारीवर इतके चिडले होते की पुढचं त्यांनी पाहिलंच नव्हतं. आई मुलाला गुडघ्यांत धरते. त्याच्या कानामागे पट्टा अडकवते, जरा सैल करते, पुन्हा ओढते. अंगठ्याने कानामागची कातडी चाचपते आणि विचारते, "टोचतंय का?" मुलगा मान हलवून नाही म्हणतो.

टोचत असतं. थोरल्यांना ते लगेच कळलं. पहिला चष्मा घ्यायला आलेली लहान पोरं अशीच नाही म्हणतात. आईने पैसे मोजलेत, दुकानदार वाकलाय, सगळे आपल्याकडे बघताहेत, म्हणून नाही म्हणतात. थोरले मग काही न बोलता चष्मा काढून घ्यायचे, कानामागे उमटलेली लाल रेघ बघायचे, काडी गरम करून जराशी वाकवायचे आणि परत घालायचे. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं आणि हे कुणी सिनेमात दाखवेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पडद्यावरच्या बाईनेही मुखवटा काढला, पट्टा चुलीपाशी धरला आणि वाकवला.

थोरल्यांची बोटं मिटली. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा डोळे पुसले. चौथी चूक राहिली ती राहिलीच.

पुढे आकाशात युद्ध सुरू झालं. अवकाशात आवाज नसतो म्हणून दिग्दर्शकाने ते सगळं युद्ध मुकं ठेवलं होतं, आणि त्या महागड्या शांततेत मागून कुणाचं तरी घोरणं ऐकू यायला लागलं. साधंसुधं नाही, बंद पडलेली मोटर पुन्हा पुन्हा चालू करून बघावी तसं. ते शेवटपर्यंत चाललं. दिवे लागल्यावर त्या माणसाला दोन शब्द सुनवायचे म्हणून थोरले मागे वळले. शेवटच्या रांगेत कंपनीचा निळा शर्ट घालून, पायाशी पान्ह्यांची पिशवी ठेवून, मान मागे टाकून त्यांचे साडू झोपले होते.

थोरल्यांनी जाऊन त्यांचा खांदा हलवला. धाकटे दचकून उठले आणि म्हणाले, "कितवा मजला?"

मग त्यांनी ओळखलं.

"तुम्ही इथे कसे?" धाकट्यांनी विचारलं.

"चुका मोजायला. तुम्ही?"

"मला आवडला ना. म्हणून परत."

"तुम्ही घोरत होता."

धाकट्यांनी पिशवी उचलली, पुन्हा ठेवली. "तुमचे डोळे का लाल झालेत?"

"एसी फार होता," थोरले म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर दोघांनी कागदी कपात कॉफी घेतली. अर्धा कप संपला. मग धाकटेच म्हणाले, "खरं सांगू का? मी हा सिनेमा चौथ्यांदा पाहिला. त्या चंद्राच्या पुढे अजून गेलेलो नाही."

"पहिल्या दिवशी?"

"फुलं आली, बासरी सुरू झाली, आणि मी गेलो. वर्षभर रात्रीची ड्युटी आहे. फोन उशाशी. कुठे ना कुठे लिफ्ट अडकते, आत माणूस ओरडत असतो. डोळा लागला की फोन. थिएटरात फोन बंद ठेवावा लागतो, त्याबद्दल साहेबही काही बोलू शकत नाही. तसा झोपलो नव्हतो मी कित्येक दिवसांत."

"अहो, मी तुमच्या कानाशी सारखा बोलत होतो."

"मला वाटलं, स्वप्नात कुणीतरी गिऱ्हाईक तक्रार करतंय."

"मग आवडला असं का म्हणालात?"

"आवडलाच. निवांत होता म्हणालो, ते काय खोटं होतं?" धाकट्यांनी कप चुरगळला. "नंतर तुम्ही इतकं बोललात की मागे फिरायला जागा उरली नाही. बायकोसमोर झोपलो होतो म्हणून कसं सांगू? तिकिटं मीच काढलेली. बरं, शेवटी होतं काय त्यात?"

थोरल्यांनी सांगायला सुरुवात केली. ते चांगलं सांगत होते, हे त्यांनाही नवीन होतं. व्यापाऱ्यांचं आरमार येतं, चंद्रावरची सगळी हवा खेचून घेतं, फुलं उभ्या उभ्या करपतात. मुलाच्या तोंडावर मुखवटा असतो म्हणून तो वाचतो. आई वाचत नाही. "झारी एकच होती हो," थोरले म्हणाले, "एकाच मुखवट्यापुरता पत्रा." त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "आणि मग तो पोरगा त्या उजाड चंद्रावर उभा राहून म्हणतो, आजपासून ही हवा माझी."

धाकट्यांनी नाक ओढलं. "मी झोपायला नको होतं," ते म्हणाले.

तिथल्या तिथे दिलजमाई झाली. पुढच्या रविवारी दोघं ठरवून, एकाच वेळी, हसतमुखाने सासऱ्यांच्या दारात उभे राहिले. आपल्याला बघून घरात आनंदीआनंद होईल, अशी त्यांची साधी अपेक्षा होती.

दार धाकटीने उघडलं. "अगंबाई, मिटलं?" ती म्हणाली, आणि आत वळून, "ताई, यांचं मिटलं गं." बाल्कनीत सासऱ्यांनी आडव्या तीन दोऱ्या बांधल्या होत्या आणि कपड्यांच्या सावलीत खुर्ची टाकून ते पेपर वाचत होते. दिवाणावर दोघी बहिणींचं काहीतरी बोलणं रंगात आलेलं असावं, कारण दोघींचेही डोळे हसून ओले झाले होते आणि जावयांना बघून दोघींनी पदर-ओढण्या सावरल्या. सासूबाईंनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "मी आज आमच्यापुरतंच केलंय. आता पुन्हा सगळं मांडायचं का?"

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "जावईबापू, तुमचं भांडण तत्त्वाचं होतं ना?"

"तसं तत्त्वाचंच," थोरले म्हणाले.

"मग तत्त्व असं महिन्याभरात सोडू नये. माणसाची किंमत जाते." आणि त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उभ्या उभ्या पाणी पिऊन ते निघाले, आणि खाली उतरताना लिफ्टमध्ये त्यांचं ठरलं. घरी भांडण चालू ठेवायचं. बुधवारी दुपारी सिनेमाला भेटायचं.

तसे ते दोन-तीन बुधवार भेटले. धाकटे बसतानाच सांगायचे, "मुखवटा आला की उठवा." थोरले उठवायचे नाहीत. माणूस इतका गाढ झोपला होता की त्यांना हात लावावासा वाटत नसे. मग बाहेर कॉफी पिताना शेवट पुन्हा सांगायचे. दर वेळी सांगण्यात थोडी भर पडायची. आईने मुलाच्या हातात शेवटचं फूल दिलं. मुलाने मुखवटा तिला लावायचा प्रयत्न केला, तो तिच्या चेहऱ्याला बसला नाही. यातलं काही सिनेमात होतं, काही थोरल्यांच्या मनात होतं, आणि कुठलं कुठे होतं हे आता त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. कंपनीने धाकट्यांना दिवसपाळी दिली आणि थिएटरने सिनेमा उतरवायचं ठरवलं. शेवटच्या बुधवारी धाकटे रजा काढून आले. रात्री चांगली झोप झालेली, दाढी केलेली, डोळे टक्क उघडे. त्यांनी सिनेमा पहिल्या फुलापासून शेवटच्या नावापर्यंत पाहिला. थोरले पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच बघत होते. मुखवट्याच्या प्रसंगाला तर थोरल्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही.

बाहेर आल्यावर धाकटे थेट पायऱ्या उतरायला लागले. कॉफीही नको म्हणाले.

"काय झालं?" थोरल्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितला तसा नाहीये."

"म्हणजे?"

"ते फूल कुठे देते ती? आणि मुखवटा आईला लावून बघतो, ते तर नाहीच. आणि झारी एकच होती असं कुठे म्हणतात?"

"म्हणत नाहीत. समजून घ्यायचं असतं."

"दुसरी झारी मागे भिंतीला टांगलेली आहे. मी पाहिली. चांगली मोठी आहे."

थोरल्यांचा चेहरा पडला, पण ते मागे हटले नाहीत. "ती फुटकी आहे."

"फुटकी का असेना. पत्रा कापायला फुटकी झारी उलट बरी. अहो, दोन मुखवटे झाले असते. आई वाचली असती. सेनापती झालाच नसता. पाच सिनेमे वाचले असते."

"हे बघा, प्रत्येक गोष्टीत असं स्क्रू मोजत बसायचं नसतं. त्या बाईने पट्टा वाकवला ते पाहिलंत का? त्यात सगळं आलं."

"पट्टा ठीक आहे. पण एकंदर फसलाय हो सिनेमा," धाकटे म्हणाले. "आणि ॲलर्जी म्हणजे जरा अतीच."

थोरल्यांनी यावर जे उत्तर दिलं ते पार्किंगपर्यंत चाललं, आणि पार्किंगवाल्याने पावती घेताना दोघांकडे वरखाली पाहिलं. सिनेमा किती नाजूक आहे, किती खोल आहे, तो पहिल्यांदा पाहून कळत नाही, असं बरंच काही थोरले बोलले. धाकटे फक्त एवढंच म्हणत राहिले, "दोन झाऱ्या होत्या." त्यांनी थोरल्यांना गाडीत घेतलं, घरापर्यंत सोडलं, पण वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. उतरताना थोरलेही बोलले नाहीत. आता घरच्यांपुढे भांडणाचं नाटक करायची गरज उरली नव्हती.

स्वयंपाकघरात बायको भांडी पुसत होती. थोरले पाण्याचा ग्लास घेऊन तिथेच उभे राहिले.

"मिळाल्या का काचा?" तिने विचारलं.

"कसल्या?"

"दर बुधवारी ज्या आणायला जाता त्या."

थोरल्यांनी ग्लास ठेवला. "सिनेमाला गेलो होतो."

"माहीत आहे. धाकटीला दर बुधवारी भावोजींच्या खिशात दोन-दोन तिकिटं सापडतात."

"मग काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही सुखी, आम्ही सुखी." तिने ताट पुसून रॅकमध्ये लावलं. "मला पहिल्या दिवसापासून आवडलाय तो सिनेमा."

थोरले चाट पडले. "कधी म्हणाली नाहीस."

"मला कुणी विचारलं? त्या बँकवाल्याला विचारलंत, त्या हवाखाऊशी भांडलात."

खरं होतं. थोरल्यांनी स्टूल ओढलं. घरात आपली बाजू घेणारं कुणीतरी निघालं म्हणून त्यांना धीर आला. "मग तूच सांग आता. साडू म्हणताहेत, भिंतीला दुसरी झारी होती. मी म्हणतो ती फुटकी होती."

"फुटकी कुठली. चांगली होती."

"मग तिने स्वतःसाठी मुखवटा का नाही केला?"

"नको होता तिला," बायको म्हणाली. "मुखवटा घातल्यावर मुलगा तिला सांगतो ना, की आता फुलांचा वास येत नाही. ती हसते आणि गप्प बसते. ज्या बाईचं सगळं आयुष्य त्या बागेत गेलं, ती कशाला घालेल मुखवटा? वास गेला तर तिला राहिलं काय?"

"असं कधी सांगतो मुलगा?"

"मुखवटा घातल्या घातल्या. पहिल्या दिवशी तुम्ही तेव्हा भावोजींच्या कानात बोलत होता."

आणि नंतरच्या दर बुधवारी नेमके तेव्हा ते चष्मा पुसत होते, आणि आज साडूंचं तोंड बघत होते. थोरले हिशेब लावत बसले. इतक्यांदा पाहिलेल्या सिनेमातलं ते वाक्य त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं, आणि सिनेमा तर आज उतरला होता. बायकोने फडकं झटकून वाळत टाकलं आणि ती बाहेर गेली.

थोडा वेळ गेल्यावर थोरल्यांनी मोबाइल काढून साडूंचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत होती. साडू फोन उचलेपर्यंत त्यांनी ठरवूनही टाकलं, की वासाची गोष्ट आपल्याच लक्षात आली म्हणून सांगायचं.